खानदेशातील दारूमुक्तीच्या भक्तिपरंपरा आणि ख्रिस्ती मंडळी

खानदेशात दारू सोडणे हे फारसे कधी एकट्याने केलेले काम नाही. गावाने, भावकीने किंवा एखाद्या पंथाने मिळून ती सोडली, आणि सोडताना बहुधा कोणत्या तरी देवाचे नाव घेतले. तापी आणि गिरणेच्या काठच्या गावांत एखाद्याने माळ घातली, एवढे कानावर आले की त्याची दारू आणि मटण सुटले असे लोक समजतात. निराळे सांगावे लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी हेच काम भगतांनी, देवीच्या आज्ञेने आणि गुला महाराजांच्या आरतीने केले. मात्र या भागात थोड्या संख्येने का होईना, ख्रिस्ती कुटुंबे शतकाहून अधिक काळ राहत आहेत. दारूचा फास त्यांच्याही गळ्याला बसलेला आहे. ज्या बैठकीत देवाचे नाव घेऊन व्यसन सोडले जाते, पण तो देव ख्रिस्ताचा पिता असल्याचे कोणी म्हणत नाही, तेथे ख्रिस्ती माणसाने बसावे की नाही, हा प्रश्न अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या व्यसनमुक्ती संस्थेबरोबर अमेरिकेतून येथे आला असे मानले जाते. प्रत्यक्षात खानदेशाच्या मातीत तो त्याआधीपासून रुजलेला होता.

धरणगाव हे या इतिहासाचे एक जुने ठिकाण. जळगाव जिल्ह्यातील हे गाव पूर्वी कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. १६७४ च्या सुमारास इंग्रजांनी येथे वखार घातली आणि पुढील वर्षांत मराठ्यांच्या फौजांनी ते लुटले. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला तेव्हा डोंगरातील भिल्लांनी नव्या सत्तेला सात वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. फौज पाठवून, पकडून, फाशी देऊन काही साधेना, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२५ मध्ये दुसरा मार्ग काढला. भिल्लांना जमिनी आणि तगाई देऊन वसवायचे, आणि त्यांच्यातीलच तरुणांची पलटण उभारायची. पलटण उभारण्याचे काम जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आले. त्याने आपले ठाणे धरणगावात केले आणि खानदेश भिल्ल कोअर तेथेच घडली. आउट्रम दहा वर्षे, म्हणजे १८३५ पर्यंत, या कामावर होता. भिल्लांबरोबर शिकारीला जाऊन, त्यांच्यात मिसळून आणि त्यांच्यावर भरवसा टाकून त्याने माणसे जोडली. पुढे १८५७ च्या लढाईतील सेनानी म्हणून त्याचे नाव झाले, पण खानदेशच्या दृष्टीने त्याचे मोठे काम धरणगावातलेच.

भिल्लांविषयी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येक इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या दारूचा उल्लेख केला आहे, आणि बहुतेकांनी तो दुर्गुण म्हणून केला आहे. त्या लिखाणात एक गोष्ट निसटली. भिल्लाच्या घरी मोहाची दारू ही केवळ नशेची वस्तू नव्हती. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळतात, बायकामुले पहाटे ती वेचतात, वाळवतात. दुष्काळात तीच भाकरीच्या जागी येतात, आणि त्यांचीच दारू गाळली जाते. पिण्याआधी जमिनीवर धार सोडायची ती पूर्वजांच्या आणि देवांच्या नावाने. मुलीचे देज ठरले की दारू, जन्माला दारू, दहाव्या-बाराव्याला दारू, वाघदेवाला आणि इंदल देवाला दारू. भांडण मिटले याची खूणही एकत्र पिणे हीच. दारूची धार हाच जेथे देवाला दिलेला नैवेद्य, तेथे दारू सोडणे म्हणजे देवाशी असलेले नाते बदलणे. म्हणून भिल्ल समाजातली दारूमुक्ती कधीच केवळ आरोग्याची चळवळ होऊ शकली नाही. तिला नवा देव, निदान जुन्या देवाची नवी आज्ञा, लागली.

सरकारने या घरगुती दारूला कायद्याने वेसण घातली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे मक्त्याच्या आणि परवान्याच्या चौकटीत आणले. जे घरी फुकट गाळले जाई ते आता गुन्हा ठरले, आणि दुकानातली दारू पैसे मोजून, बहुतेकदा उधारीवर, घ्यावी लागली. दक्षिण गुजरातेत आणि तिला लागून असलेल्या पट्ट्यात ही दुकाने मुख्यतः पारशी मक्तेदारांकडे होती. उधारीपोटी जमीन आणि धान्य जाऊ लागले. दारूचे व्यसन आणि दारूचे कर्ज ही येथून पुढे जोडीने चालली, आणि विसाव्या शतकातील सर्व दारूमुक्ती चळवळींना जो धार्मिक आवेश चढला त्याच्या तळाशी हे कर्ज आहे.

त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गुजरात आणि राजपुतान्याच्या सीमेवर सुरमलदास या भिल्ल भगताने आपल्या अनुयायांना दारू, मांस आणि चोरी सोडायला लावले होते. चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी १८८० नंतर त्या भागात आले, तेव्हा त्यांचा उपदेश प्रथम ऐकला तो या भगतांनीच, आणि सुरुवातीचे ख्रिस्ती बऱ्याच अंशी त्यांच्यातून झाले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. दारू आधी सुटली ती एका हिंदू भगताच्या शब्दाने, आणि बाप्तिस्मा नंतर झाला. दारू सोडवणारी बिगरख्रिस्ती भक्ती ही ख्रिस्ती श्रद्धेची शत्रूच असते, असे त्या भिल्लांच्या आयुष्यावरून तरी म्हणता येत नाही.

खानदेशच्या पश्चिम भागात मोठी लाट आली ती १९२२-२३ मध्ये. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवी शांत करण्याचा एक विधी होता. तो डोंगर चढून आदिवासींत पसरला आणि पसरता पसरता बदलला. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी बोलू लागली: दारू आणि ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा, पारशांशी व्यवहार ठेवू नका. ही देवी नवापूर-तळोद्याकडेही पोहोचली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्यांचे म्हणणे असे की आदिवासींनी ही चळवळ कोणा सुधारकाच्या सांगण्यावरून उभारली नाही, ती त्यांची स्वतःची होती. काही महिन्यांत अनेक गावे पुन्हा पिऊ लागली, काहींनी मात्र व्रत टिकवले.

त्यानंतर तळोद्याजवळच्या मोरवडचे गुला महाराज पुढे आले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या आरतीला हजारो भिल्ल जमू लागले. तेथे सर्वांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘अरे-तुरे’खेरीज कोणी हाक मारली नव्हती, त्यांना या एका संबोधनाने किती उभारी आली असेल हे समजणे कठीण नाही. पंथालाही पुढे तेच नाव पडले. दारू, मांस, चोरी आणि भांडण सोडणे ही आरतीला येण्यामागची शपथ. १९३८ मध्ये गुला महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. आपआपसांतील आदर, ठरावीक दिवशी ठरावीक जागी जमणे, मागच्या आठवड्यात काय झाले ते सांगणे, नवख्याला जुन्याने सांभाळणे या रीती पाहिल्या, तर व्यसनमुक्ती गटाची सारी हत्यारे मोरवडच्या आरतीत होती. फरक एवढाच की तेथे आरती होती, आणि आरतीला देवता होती.

याच काळात याच तालुक्यांत मिशनेही काम करीत होती. स्वीडिश वंशाचे प्रचारक फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिम खानदेशात ठाणी घातली. पूर्व खानदेशात भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स होते. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४० च्या दशकात याच धारेतून उभे राहिले आणि आजही चालू आहे. ही सर्व मंडळे इव्हँजेलिकल वळणाची होती, आणि त्या वळणाच्या मिशनांत दारूविषयी तडजोड नव्हती. बाप्तिस्मा घेणाऱ्या भिल्ल किंवा मावची कुटुंबाने दारू सोडावी ही सरळ अपेक्षा होती. दारूची धार पूर्वजांच्या नावाने सोडली जाते हे मिशनरी जाणून होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने दारूचा पेला आणि मूर्तिपूजा ही वेगळी पापे नव्हती.

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने नेमका याच जातीचा प्रश्न हाताळला आहे. मूर्तीला वाहिलेले मांस ख्रिस्ती माणसाने खावे का? पौलाचे उत्तर दुपदरी आहे. मूर्ती म्हणजे काही नव्हे, म्हणून बाजारात मिळणारे मांस विचारपूस न करता खायला हरकत नाही. पण देवळातल्या पंगतीत बसून खाणे हा त्या पूजेत सहभाग ठरतो, आणि दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर खाण्याचा हक्कही सोडावा. खानदेशातील ख्रिस्ती माणसाला आप पंथाच्या आरतीविषयी हेच उत्तर लागू पडत होते. दारू सोडलेल्या शेजाऱ्याशी मैत्री, त्याच्या व्रताचा आदर, दुकानाबाहेर त्याच्यासोबत उभे राहणे यात बाधा नव्हती. आरती ओवाळणे ही मात्र पूजाच होती, आणि ती नाकारणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कट्टर म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तरीही या मंडळींच्या शिस्तीत एक मोठी उणीव राहिली. दारू न पिणे ही आत येण्याची अट ठरली, की आत आल्यावर पुन्हा प्यायलेल्या माणसासाठी बाहेरचे दार तेवढे उरते. त्याला समज दिली जाते, प्रभुभोजनापासून दूर ठेवले जाते, त्याच्यासाठी प्रार्थना होते. पण रात्री नऊ वाजता हात थरथरू लागले की कोणाकडे जायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. लोकलाजेपोटी तो लपवू लागतो, आणि लपवलेली दारू उघड्या दारूपेक्षा लवकर माणूस खाते. व्यसनाकडे केवळ पाप म्हणून पाहणाऱ्या प्रत्येक समाजात हे घडले आहे, केवळ ख्रिस्ती समाजात नव्हे. माळकऱ्याची माळ तुटली की त्याचीही गत हीच.

वेगळ्या देवाच्या माणसांबरोबर एका भक्तीत बसता येते का, याचे मराठी ख्रिस्ती इतिहासातले सर्वांत ठळक उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दिले, आणि त्यांच्या घराशी धरणगावचा धागा जुळलेला आहे. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावचा. १९०७ मध्ये जळगावात भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या पोराला ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा ठोमरे घरच्या मुलासारखा वावरतो. ख्रिस्ती घरात राहून, तेथले जेवून, तेथल्या प्रार्थना ऐकून तो हिंदूच राहिला, आणि टिळकांनी त्याच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला.

स्वतः टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. अभंग, कीर्तन, भजन ही वारकऱ्यांची साधने त्यांनी ख्रिस्ताच्या भक्तीला दिली. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत ही त्यांची कल्पना होती. मिशनरींना ती रुचली नाही, आणि १९१९ मध्ये टिळक वारल्यावर दरबार फार काळ तग धरू शकला नाही. दरबाराच्या मध्यभागी ख्रिस्त होता, म्हणून त्याची आणि व्यसनमुक्ती गटाची सरळ तुलना करता येणार नाही. पण संस्थेची वेस आणि श्रद्धेची वेस एकच नसते, हे मराठीतून मांडणारे टिळक पहिले ठळक ख्रिस्ती विचारवंत. या प्रश्नावर बोलणाऱ्या मराठी पाळकाने पाश्चात्त्य पुस्तकांआधी त्यांच्याकडे वळायला हवे.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेच दारूबंदीचे व्रत घेतले. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा. सर्वांवर बंदी घालताना चर्चच्या विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला त्यात वेगळी परवानगी ठेवली होती. कॅथलिक मिस्सा आंबलेल्या द्राक्षारसाशिवाय होत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी मान्य केले. मेथडिस्ट आणि तत्सम मंडळी न आंबलेला रस वापरत, कारण त्यांच्या लेखी पेल्यातला थेंबही सुटलेल्या माणसाला परत ओढू शकत होता. दोन्ही परंपरांचा दारूकडे पाहण्याचा फरक येथे दिसतो. कॅथलिक शिकवणुकीत पिणे पाप नाही, झिंगणे पाप आहे. वसई-वांद्र्याच्या लग्नात किंवा गोव्याच्या फेणीत तिला काही गैर दिसत नाही. खानदेशच्या इव्हँजेलिकल मंडळीत पहिला घोटच पाप. यामुळे व्यसनी ख्रिस्ती माणसाचे दुःख दोन्हीकडे निराळे: एकीकडे कोणाच्या लक्षात येत नाही, दुसरीकडे कोणी माफ करत नाही. कायद्याने बाटली अदृश्य झाली नाही. १९६० च्या दशकापासून बंधने सैल होत गेली, हातभट्टी तर त्याआधीही बंद नव्हती. पुढे ग्रामसभेत मतदान घेऊन ‘आडवी बाटली’ करणाऱ्या बायकांनी अनेक गावांतली दुकाने बंद पाडली.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे बोलीत नुसते ‘एए’, ही संस्था अमेरिकेत ओहायो राज्यातील अॅक्रन येथे सुरू झाली. तिचा वाढदिवस १० जून १९३५ मानतात. शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे तिचे संस्थापक. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुपमधून आले होते. लुथरन पाळक फ्रँक बुकमन यांचा हा ख्रिस्ती पुनरुज्जीवनवादी गट प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थ आणि प्रेम या चार गोष्टी निरपवाद पाळायला सांगे, आणि एकमेकांपुढे पापकबुली करायला लावी. (१९३८ मध्ये त्याचे नाव मॉरल रीआर्ममेंट झाले. साताऱ्यातील पाचगणीचे त्याचे केंद्र १९६८ पासून महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे.) अॅक्रनच्या पहिल्या गटात याकोबाचे पत्र, डोंगरावरील प्रवचन आणि करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय हे नेमाने वाचले जात. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्याचा जो आदेश आहे, त्याच्याशी एएच्या बारा पायऱ्यांच्या साधनेतील पाचव्या, चुकांच्या कबुलीच्या, पायरीचे नाते उघड आहे.

मग देवाचे नाव सैल का झाले? या प्रश्नाचे उत्तर अनेक ख्रिस्ती टीकाकारांना माहीत नसते. एक कारण नास्तिकांचे होते. १९३८-३९ मध्ये बारा पायऱ्यांचा मसुदा झाला, तेव्हा न्यूयॉर्क गटातील देव न मानणाऱ्या सभासदांनी आग्रह धरला, आणि देवाच्या उल्लेखापुढे ‘आम्हाला जसा उमजला तसा’ अशा अर्थाची जोड आली. सातव्या पायरीतले गुडघे टेकणेही वगळले गेले. पण दुसरे कारण ख्रिस्ती होते. ऑक्सफर्ड ग्रुप प्रोटेस्टंट वळणाचा असल्याने क्लीव्हलँडच्या कॅथलिक दारुड्यांना त्यांचे धर्मगुरू तेथे जाऊ देत नव्हते. त्या माणसांना दारू सोडायची होती, आणि चर्चही सोडायचे नव्हते. मे १९३९ मध्ये एएचे एक सभासद क्लॅरेन्स स्नायडर यांनी ऑक्सफर्ड ग्रुपपासून फारकत घेऊन क्लीव्हलँडला वेगळी मीटिंग सुरू केली, ती मुख्यतः यांच्यासाठी. अॅक्रनच्या गटानेही त्याच वर्षी ऑक्सफर्ड ग्रुप सोडला. म्हणजे आज ज्या मोकळेपणाला काही ख्रिस्ती हरकत घेतात, तो मोकळेपणा अंशतः ख्रिस्ती लोकांची सद्सद्विवेकबुद्धी दुखावू नये म्हणूनच निर्माण झाला. त्याच वर्षी अॅक्रनच्या सेंट टॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी दारुड्यांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली, आणि १९४० च्या अखेरीस फादर एडवर्ड डाउलिंग या जेझुइटाला बारा पायऱ्यांत संत इग्नाशियस लोयोलाच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य दिसले. पुढे ते बिल विल्सनचे जन्मभराचे सल्लागार झाले, स्वतः व्यसनी नसतानाही.

भारतात एएच्या मीटिंगा १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाल्या. मराठी मीटिंगा नंतर पसरल्या, आणि ‘स्पॉन्सर’, ‘शेअरिंग’, ‘सोब्रायटी’ हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळले. शहरांत पुष्कळ मीटिंगा चर्चच्या किंवा शाळेच्या खोल्यांत भरतात. जागेचे भाडे गट स्वतःच्या वर्गणीतून देतो, कारण कोणाचे उपकार घेऊन त्यांच्या मताला बांधले जाऊ नये हे एएच्या बारा परंपरांत, म्हणजे गटांनी पाळायच्या तत्त्वांत, लिहिलेले आहे. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. १९८१ मध्ये मुंबई धर्मप्रांतातील फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. फादर परेरा स्वतः एएच्या वाटेने गेलेले आणि योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. कृपाच्या केंद्रात बारा पायऱ्यांबरोबर अय्यंगार पद्धतीची आसने शिकवतात. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा (अनिता) आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण सुरू केले. तेथेही एएच्या तत्त्वांना मानाचे स्थान आहे. मुक्तांगणने व्यसनी माणसाला आधी रोगी म्हणून पाहिले, मग बाकी सारे, आणि मराठी मध्यमवर्गाची नजर बदलण्यात या एका गोष्टीचा मोठा वाटा आहे.

कृपाच्या उदाहरणाने प्रश्न पुन्हा धारदार झाला. धर्मगुरूच योगासने शिकवतो, तेव्हा त्यामागचे तत्त्वज्ञानही येते का? १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने, कार्डिनल रॅटझिंगर यांच्या सहीने, ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र काढले. त्यात झेन, भावातीत ध्यान आणि योग यांचा उल्लेख आहे. या पद्धतींतून घेण्यासारखे घ्यावे, पण शरीराला येणारी शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचा अनुभव असे समजू नये, असा त्याचा आशय. व्यसनमुक्ती गटांनाही ही कसोटी लावता येते, आणि ती ठीक आहे. बारापैकी सहा पायऱ्यांत देवाचा किंवा आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे. ती शक्ती कोणती, हे गट सांगत नाही. कोणी ती गटालाच मानतो, कोणी विठ्ठलाला, कोणी येशूला. गंभीर आक्षेप हा की वर्षानुवर्षे ‘कोणताही देव चालतो’ हे ऐकत राहिलेल्या माणसाच्या मनात देव म्हणजे आपल्या सोयीची मूर्ती होऊन बसते, आणि मीटिंगच त्याचे चर्च होते. हा धोका खरा आहे. रविवारी उपासनेला न येणारा, पण मंगळवारची मीटिंग न चुकवणारा सभासद कोणत्याही पाळकाला भेटलेला असेल. या आक्षेपातूनच अमेरिकेत १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चने ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ हा बायबलाधारित कार्यक्रम सुरू केला, ज्यात उच्चशक्तीचे नाव येशू असे स्पष्ट सांगितले जाते.

आक्षेपाचे वजन मान्य करूनही पारडे सहभागाकडे झुकते. आप पंथाच्या आरतीत उभे राहणे ही दुसऱ्या देवाची पूजा होती, एएच्या मीटिंगमध्ये कोणाचीही पूजा होत नाही. तेथे येशूचे नाव घ्यायला बंदी नाही, फक्त दुसऱ्याने ते घेतलेच पाहिजे असा आग्रह धरायला आहे. पौलाच्या भाषेत ते देऊळ नसून बाजार आहे. माळ घालणे, दिंडोरीच्या स्वामी समर्थ केंद्रात सेवेला बसणे, बैठकीतले निरूपण ऐकणे यांनी खानदेशात हजारो घरे दारूतून सोडवली, त्याबद्दल कृतज्ञता बाळगूनही ख्रिस्ती माणसाला ते मार्ग आपले म्हणता येत नाहीत, कारण त्यांत सुटका आणि उपासना एकमेकींत विणलेली आहेत. एएने हे विणकाम मुद्दाम उसवून ठेवले, आणि त्यामुळेच चर्चला जाणारा दारुडा तेथे आपला विश्वास शाबूत ठेवून बसू शकतो. जेथे चर्चचा स्वतःचा गट आहे तेथे तो बरा. पण खानदेशात ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. एका मंडळीत गट चालवण्याइतके कबुली देणारे सभासद मिळणे अवघड. जो गट नाही त्याची वाट पाहत माणूस यकृत गमावतो.

धरणगावसारख्या गावात आणखी एक अडचण येते, ती देवाची नव्हे, ओळखीची. येथे प्रत्येकाला प्रत्येकाचे घर माहीत. इव्हँजेलिकल मंडळीत सुटलेला माणूस सर्वांसमोर उभा राहून साक्ष देतो, आणि त्या साक्षेने त्याला बळ येते. पण अजून न सुटलेल्या माणसाला तीच सभा भीतीची वाटते. एएचा निनावीपणा या भीतीसाठी आहे: आडनाव, जात, मंडळी, हुद्दा सारे दाराबाहेर राहते, आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. पाचव्या पायरीत देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे चुकांची कबुली द्यायची असते. तो दुसरा माणूस कोण, हे सभासदाने ठरवायचे असते, आणि कॅथलिक सभासद पुष्कळदा त्यासाठी आपल्या धर्मगुरूकडे जातात. प्रोटेस्टंट मंडळीत पापकबुलीच्या गुप्ततेचा तसा कडक नियम नसल्याने पाळकाला ती जबाबदारी जाणूनबुजून घ्यावी लागते, आणि ऐकलेले आपल्या घरातही न बोलण्याचा शब्द द्यावा लागतो. बायकोसाठी आणि मुलांसाठी १९५१ पासून चालत आलेला अल-अॅनॉन हा वेगळा गट आहे. ज्या ख्रिस्ती घरांत नवरा मीटिंगला जायला तयार नसतो, तेथे अनेकदा बायको आधी अल-अॅनॉनला जाते, आणि तो नंतर तिच्यामागून येतो.